श्वानशुश्रूषेचा इतिहास आणि स्पर्शाचा प्रश्न : महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : श्वानशुश्रूषा, स्पर्श, शुचिता, पशुवैद्यक, अलर्कविष, पाळीव व भटके श्वान

१. प्रस्तावना

मानवाने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत जुना प्राणी होय. गाय, घोडा, मेंढी हे प्राणी मानवाच्या सहवासात येण्यापूर्वी कित्येक सहस्रके कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता, याविषयी पुरातत्त्वज्ञांमध्ये सामान्यतः एकमत आढळते. असे असूनही आपल्या इतिहासलेखनात कुत्र्याच्या वाट्याला फारच थोडी जागा आलेली आहे. जी आली आहे तीही त्याच्या स्वामिनिष्ठेच्या कथांपुरती मर्यादित आहे. कुत्र्याने धन्यासाठी काय केले हे आपण आवडीने सांगतो. परंतु धन्याने कुत्र्यासाठी काय केले, त्याला कोणी न्हाऊ घातले, त्याच्या कानातील गोचीड कोणी काढले, तो आजारी पडला तेव्हा त्याच्या उशाशी कोण बसले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

आज महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात कुत्रा पाळणे ही सर्वसामान्य बाब झाली आहे. केस विंचरणे, नखे कापणे, कान व दात स्वच्छ ठेवणे, जंताचे औषध देणे, वेळेवर लस टोचून घेणे ही कामे आता घरातील माणसे स्वतःच्या हातांनी करतात. वरवर पाहता ही केवळ आरोग्याची दिनचर्या वाटते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती एका मोठ्या सामाजिक स्थित्यंतराची खूण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण शुश्रूषा म्हणजे स्पर्श. आणि आपल्या समाजात कोणी कोणाला स्पर्श करावा, हा प्रश्न कधीच साधा नव्हता.

२. उद्दिष्टे, व्याप्ती व साधने

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) भारतीय ग्रंथपरंपरेत श्वानाच्या अन्न, निगा व उपचारांचे स्थान तपासणे, (ब) दरबारी आणि वसाहतकालीन समाजात श्वानाची प्रत्यक्ष निगा कोण राखत होते याचा शोध घेणे, (क) आधुनिक पशुवैद्यकाने या व्यवस्थेत कोणता बदल घडविला हे स्पष्ट करणे.

निबंधाचा भर महाराष्ट्रावर, विशेषतः मुंबईवर असला तरी आवश्यक तेथे व्यापक भारतीय संदर्भ घेतला आहे. त्यासाठी प्राचीन ग्रंथ, प्रवासवर्णने, बखरीच्या परंपरेवर आधारलेली इतिहासग्रंथांतील नोंद आणि वैद्यकीय इतिहास यांचा आधार घेतला असून विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. रायगडावरील ‘वाघ्या’ची कथा लोकमानसात दृढ असली तरी तिला शिवकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नसल्याने येथे ती पुरावा म्हणून वापरलेली नाही.

३. ग्रंथपरंपरा : घास आहे, उपचार नाही

प्राचीन भारतात पशुवैद्यकाची परंपरा समृद्ध होती. शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नावाने हस्त्यायुर्वेद प्रसिद्ध आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष, अश्वाध्यक्ष व हस्त्यध्यक्ष अशी स्वतंत्र पदे असून घोडे व हत्ती यांच्या चिकित्सकांचाही विचार आहे. कुत्र्यासाठी मात्र असा अध्यक्ष नाही. कुत्री बाळगणारे शिकारी त्या ग्रंथात येतात ते रानावर व कुरणावर पहारा ठेवण्याच्या संदर्भात. याचा अर्थ उघड आहे. घोडा व हत्ती हे सैन्याचे बळ, गाय ही संपत्ती. कुत्रा उपयुक्त खरा, परंतु तो राज्याच्या हिशेबवहीत बसणारा नव्हता.

याला काही प्रमाणात अपवाद म्हणून कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथाचा निर्देश करावा लागेल. या ग्रंथातील विनोदांच्या, म्हणजे राजाच्या मनोरंजनांच्या प्रकरणात ‘सारमेयविनोद’ आहे. ज्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग मोडत होता, त्या राज्याच्या अधिपतीला कुत्रा हा लेखनविषय वाटला, ही बाब महत्त्वाची आहे. तथापि तेथेही कुत्रा येतो तो राजाच्या करमणुकीचे साधन म्हणून.

धर्मशास्त्राची भूमिका याहून गुंतागुंतीची आहे. वैश्वदेवातील बलिहरणात कुत्र्यासाठी अन्न काढून ठेवण्याचा विधी आहे. म्हणजे त्याला खाऊ घालणे हे गृहस्थाचे कर्तव्य मानले गेले. परंतु तो घास जमिनीवर ठेवायचा असतो. त्याच मनुस्मृतीत चांडाल व श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असा दंडक येतो. येथे कुत्र्याची अशुचिता आणि माणसाची अस्पृश्यता एकमेकींत गुंफली गेली. ज्याच्या घरी कुत्रा तो हीन आणि जो हीन त्याच्याच घरी कुत्रा, असे हे दुहेरी कुंपण होते. परिणामी कुत्र्याच्या शरीराविषयीचे प्रत्यक्ष ज्ञान, म्हणजे कोणत्या पाल्याने खरूज बरी होते, जखमेत किडे पडल्यास काय करावे, वीत अडल्यास काय उपाय योजावा, हे धनगर, पारधी, बेरड अशा भटक्या व शिकारी समाजांच्या हातांत राहिले. ज्यांच्या हातांत ते ज्ञान होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती ते कुत्र्याला हात लावत नव्हते. श्वानशुश्रूषेच्या लिखित इतिहासातील मोठ्या पोकळीचे हे एक प्रमुख कारण मानावे लागेल.

या कुंपणाला छेद देणारे आवाजही परंपरेत आहेत. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. संत नामदेवांच्या चरित्रकथेत कुत्रा पोळी पळवितो तेव्हा कोरडी पोळी त्याला बाधेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. दत्तमूर्तीच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. परंतु भक्तीने दिलेली ही समता व्यवहारातील ओसरीपर्यंत क्वचितच पोहोचली.

४. दरबार : पालखी आणि चिमटा

दरबारातील श्वानाचे चित्र प्रथमदर्शनी अगदी वेगळे दिसते. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ ते १६१८ या काळात जहांगीराच्या दरबारी होता. त्याच्याबरोबरचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने आपल्या प्रवासवर्णनात इंग्लंडहून आणलेल्या दोन मोठ्या कुत्र्यांची हकीकत दिली आहे. बादशहाने प्रत्येक कुत्र्यासाठी चार सेवक नेमले. दोघांनी त्याला पालखीतून वाहायचे आणि दोघांनी माश्या वारायच्या. बादशहाला स्वतः घास भरविता यावा म्हणून चांदीचा एक चिमटाही करवून घेण्यात आला.

हा चिमटा इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. तो केवळ बादशाही हौसेचा भाग असेलही; परंतु प्रेम आणि स्पर्श यांच्यामध्ये ठेवलेले अंतर त्यातून नेमके दिसते. कुत्र्याला पालखी मिळाली, चांदी मिळाली, चार माणसे मिळाली. परंतु धन्याचा हात आणि कुत्र्याचे तोंड यांच्यामध्ये चिमटा राहिला. ज्या चार सेवकांनी त्याला वाहिले, पुसले आणि बहुधा धुतलेही, त्यांची नावे टेरीच्या वर्णनात येत नाहीत.

मराठेशाहीतही असेच एक उदाहरण आढळते. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची कथा नोंदविली आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचविले होते. महाराजांनी त्याला दरबारात जरीची वस्त्रे व जडजवाहीर घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या नावे जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, असे डफ लिहितो. डफला हा लहरीपणा वाटला. परंतु ऐटबाज सरदारांच्या भेटीच्या वेळी केलेली ती कृती एक बोचरी टीकाही असू शकते, हे लक्षात घेतले पाहिजे. साताऱ्याजवळील संगम माहुली येथे या कुत्र्याचे स्मारक दाखविले जाते. येथेही पालखी उचलणाऱ्या भोयांचा आणि कुत्र्याची नित्य निगा राखणाऱ्या हातांचा उल्लेख नाही.

कंपनीच्या काळात हे हात प्रथमच काहीसे स्पष्ट दिसू लागतात. इंग्रजांच्या घरी असणाऱ्या नोकरांच्या यादीत ‘डोरिया’ नावाचा नोकर येतो. डोर म्हणजे दोरी. कुत्र्याची दोरी धरणारा तो डोरिया. कुत्र्यांना फिरविणे, धुणे, खाऊ घालणे, अंगावरील किडे वेचणे ही त्याची कामे. घरातील इतर नोकर जातीच्या कारणाने ज्या कामास हात लावत नसत, ते याच्याकडे येई. साहेबाचा कुत्रा गालिच्यावर आणि डोरिया व्हरांड्यात, अशी ही रचना होती.

५. पारशी परंपरा आणि १८३२ ची मुंबई

स्पर्शाच्या या इतिहासात पारशी समाजाची परंपरा वेगळी उठून दिसते. झरथुष्ट्री धर्मग्रंथ ‘वेंदिदाद’ यामध्ये कुत्र्याच्या निगेविषयी थेट विधाने आहेत. दूध, स्निग्ध पदार्थ व मांस हे त्याचे योग्य अन्न असल्याचे तेथे सांगितले आहे. दातांत वा घशात अडकेल असे हाड देणे किंवा तोंड पोळेल असे ऊन अन्न देणे हे पाप मानले आहे. गाभण कुत्री ज्याच्या घराजवळ येईल त्याच्यावर तिची जबाबदारी टाकली आहे. भान हरपलेल्या कुत्र्याला बांधून ठेवून, धर्मबांधवावर करावा तसा उपचार त्याच्यावर करावा, असेही विधान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखविण्याचा ‘सगदीद’ हा विधीही याच श्रद्धेशी जोडलेला आहे. आजचा पशुवैद्य हाडाविषयी जो इशारा देतो, तो येथे धर्माज्ञेच्या रूपात आढळतो.

या पार्श्वभूमीवर मुंबईतील १८३२ ची घटना समजून घ्यावी लागते. १८१३ पासून मुंबईत उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याचा नियम होता. १८३२ मध्ये ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्याने मारेकऱ्यांना ऊत आला आणि घरांच्या आवारातील कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. ६ जून रोजी पारशी समाजातील लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि हिंदू, जैन व इस्माइली मुसलमानही त्यात सामील झाले. लष्कराकडे जाणारी रसद अडविली गेली. अखेरीस पकडापकडी झाली, परंतु शहरातील प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीने कुत्र्यांना मारण्याऐवजी अन्यत्र हलविण्याचा विचार पुढे आला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली.

बौद्ध वाङ्मयातील ‘कुक्कुर जातक’ या प्रसंगाशी ताडून पाहण्यासारखे आहे. रथाचे चामडे राजवाड्यातील कुत्री खातात. राजा मात्र वाड्यातील कुत्री वगळून नगरातील सर्व कुत्री मारण्याची आज्ञा देतो. अपराध मालकीच्या कुत्र्यांचा आणि शिक्षा बेवारशांना, हा अन्याय कुत्र्याच्या रूपातील बोधिसत्त्व राजाच्या नजरेस आणून देतो. दोन हजार वर्षांच्या अंतराने मुंबईत उभा राहिलेला प्रश्नही तोच होता : कुत्र्याच्या जिवाचे मोल त्याच्या गळ्यातील पट्ट्यावरून ठरावे काय?

६. वसाहतकालीन पशुवैद्यक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला संस्थात्मक रूप आले. १८८० च्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. परंतु या सर्व उपक्रमांचा मुख्य रोख लष्करातील घोडे आणि बुळकांडीसारख्या रोगाने मरणारी गुरे यांच्याकडे होता. कौटिल्यकालीन अग्रक्रम वसाहतकाळातही फारसा बदलला नव्हता.

कुत्र्याच्या रोगांकडे लक्ष गेले ते प्रामुख्याने शिकारीच्या निमित्ताने. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाच्या एका सूक्ष्मजंतूचे, ज्याला आज ‘बबेसिया गिब्सोनाय’ म्हणतात, पहिले वर्णन डब्ल्यू. एस. पॅटन यांनी १९१० मध्ये केले. ते ‘मद्रास हंट’ या शिकारी मंडळाच्या कुत्र्यांच्या रक्तावरून केले होते. गावकुसावरील कुत्री या तापाने पूर्वीही मरत असली पाहिजेत; त्या मरणाची नोंद घेणारा कोणी नव्हता, इतकेच.

देशी जातींच्या बाबतीत मुधोळचे उदाहरण लक्षणीय आहे. घोरपडे घराण्याच्या या मराठी संस्थानात राजे मालोजीराव यांनी स्थानिक बेरड शिकाऱ्यांकडील सडपातळ, वेगवान कुत्र्यांचे पद्धतशीर संवर्धन केले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने काढलेल्या देशी श्वानांच्या तिकिटांत या जातीला स्थान मिळाले. श्रेय राजांना मिळाले आणि ते योग्यच आहे. परंतु राजांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ही जात ज्यांनी निवडली, पोसली व निरोगी ठेवली त्या बेरडांचे ऋणही इतिहासाने नोंदविले पाहिजे.

७. अलर्कविषापासून लसीपर्यंत

कुत्र्याच्या स्पर्शाविषयीची भीती केवळ शुचितेच्या कल्पनेतून आली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन येते : शेपूट, जबडा व खांदे लुळे पडलेले, लाळ गळणारी, सैरावैरा धावणारे जनावर. दंश झालेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली की तो वाचत नाही, हे निरीक्षणही तेथे आहे. ‘जलत्रास’ या लक्षणापुढे हा प्राचीन वैद्य प्रामाणिकपणे हात टेकतो. आजही लक्षणे उमटल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

१८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी माणसावर लसीचा यशस्वी प्रयोग केला. १९०० मध्ये कसौली येथे भारतातील पहिली पाश्चर इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि तेथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. हीच लस पुढे जवळजवळ शतकभर भारतात वापरात राहिली. तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. प्रस्तुत लेखकाच्या प्राथमिक शाळेतील एका सोबत्याला कुत्रा चावला तेव्हा त्याने तालुक्याच्या गावी रोज एस.टी.ने जाऊन पोटात घेतलेली इंजेक्शने वर्गातील सर्वांनी मनोमन मोजली होती. त्यानंतर आमच्या गल्लीत कुत्र्याला कोणी हात लावेनासे झाले. ज्या कुत्र्याला आम्ही रोज भाकरी घालत होतो, त्यालाही दगड बसू लागले. त्या कुत्र्याला एक लस आधीच टोचली असती तर त्या मुलाच्या यातना आणि त्या कुत्र्यावरील दगड दोन्ही टळले असते, हा विचार तेव्हा कोणाच्याही मनात आला नाही.

८. नित्य शुश्रूषा : स्पर्शाचे नवे शास्त्र

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. कुत्र्याला टोचावयाच्या रेबीजच्या लसी परिणामकारक झाल्या. ‘डिस्टेंपर’ या जीवघेण्या रोगावरील लसीचे संशोधन १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये झाले होते. १९७८ च्या सुमारास ‘पार्व्हो’ हा नवा रोग जगभर पसरला आणि त्यावरही लस निघाली. पिल्लू साधारण दीड-दोन महिन्यांचे झाल्यापासून लसींची मालिका, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने तिची पुनरावृत्ती, ठराविक काळाने जंताचे औषध, ही दिनचर्या रूढ झाली.

यातील खरा बदल औषधांपेक्षा हातांचा आहे. गोचीड शोधावयाचे तर कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली बोटे फिरवावी लागतात. रोज केस विंचरताना लागणारी गाठ, कानाला येणारा आंबूस वास, हिरड्यांची लाली, वाढून आत वळलेले नख, या रोगाच्या पहिल्या खुणा असतात आणि त्या फक्त स्पर्शाने व सहवासाने कळतात. माणसाचा साबण कुत्र्याच्या त्वचेला मानवत नाही, वारंवार न्हाऊ घातल्यास त्वचा कोरडी पडते. कांदा, द्राक्षे व चॉकलेट त्याला घातक आहेत. उन्हाळ्यात तो मुख्यतः धापा टाकूनच शरीराची उष्णता घालवितो. ही माहिती आज सहज मिळते. तिची अंमलबजावणी मात्र चिमट्याने होत नाही. डोरियाचे काम घरधनी स्वतः करू लागला, हे या काळाचे वैशिष्ट्य होय. शहरांत पुन्हा पगारी ‘ग्रूमर’ आला आहे. परंतु तो आता व्यावसायिक म्हणून ओळखला जातो, हा फरकही कमी महत्त्वाचा नाही.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९३१ मध्ये मणिभवनात गांधीजींशी झालेल्या भेटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला कुत्र्यामांजरांपेक्षाही वाईट वागविले जात असल्याचे सुनावले होते. कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या घराने कुत्र्याचा फिरविता नोकर किंवा सफाई कामगार यांच्यासाठी वेगळा पेला ठेवला, तर ते स्थित्यंतर अपुरे म्हणावे लागेल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, आपल्या परंपरेत कुत्र्याला अन्न व प्रसंगी मानही मिळाला. परंतु त्याच्या शरीराची निगा हीन मानलेल्या हातांकडे सोपविली गेल्याने त्या ज्ञानाची नोंद झाली नाही. दुसरा, आधुनिक पशुवैद्यकाने स्पर्शाविषयीची भीती बऱ्याच अंशी दूर केली. तिसरा, कुंपण पूर्णपणे नाहीसे झाले नाही; ते सरकले. पूर्वी ते जातीचे होते, आज ते मालकीचे आहे.

महाराष्ट्रासह देशभर भटकी कुत्री मारण्याऐवजी निर्बीजीकरण व लसीकरण करण्याचे धोरण २००१ च्या नियमांनी आणि पुढे २०२३ च्या सुधारित नियमांनी स्वीकारले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असा बदल केला. त्या वेळी देशभर उठलेला वाद १८३२ च्या मुंबईची आठवण करून देणारा होता. त्यात एका बाजूला दंश झालेल्या मुलांचे पालक होते, दुसऱ्या बाजूला प्राणिप्रेमी. आणि दोघांचेही दुःख खरे होते.

विषाणू मात्र गळपट्टा पाहत नाही. एखाद्या प्रदेशातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचल्यास रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपल्या घरातील कुत्र्याचे आणि आपल्या मुलांचे आरोग्य गल्लीतील बेवारस कुत्र्याच्या लसीवर अवलंबून आहे. घरातील कुत्र्याचे केस विंचरणारा हात त्या लसीसाठीही पुढे आला, तर पालखी आणि दगड यांच्यामध्ये हेलकावणारा श्वानाचा इतिहास स्थिर भूमीवर येईल. वैश्वदेवाचा घास आपण जमिनीवर ठेवून मागे सरत आलो. आता थोडे वाकून त्या कुत्र्याची मानही धरावी लागेल.